साठाचा आकडा

पेसमेकर बसवून घरी आलेला मनुष्य दिवसातून दहा वेळा मनगट चाचपू लागतो. डॉक्टरांनी 60 हा आकडा सांगितलेला असतो. स्वस्थ बसल्या वेळीही नाडी 72 भरते, आणि यंत्र बिघडले की काय, या शंकेने सारे घर चिंतेत पडते.

वस्तुतः तो आकडा ही खालची मर्यादा होय, वरची नव्हे. यंत्र केवळ पहारा करते. हृदयाचा स्वतःचा ठोका सेकंदाच्या आत पडला, तर ते स्वस्थ राहते. न पडला तरच विजेचा सूक्ष्म धक्का देते. तापाने वा भीतीने वाढलेली गती आवरणे हे त्याचे कामच नव्हे. आरंभीच्या यंत्रांना एवढीही समज नव्हती. 1958 साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसविलेले पहिले यंत्र तर काही तासांतच थांबले. तरी पुढे वीसांहून अधिक यंत्रे बदलीत लार्सन 2001 पर्यंत जगले!

नाडी 60 च्या खाली भरली तर? वेळेआधी पडलेला ठोका दुर्बळ असतो. तो मनगटापर्यंत पोहोचत नाही आणि मोजणी चुकते. काही यंत्रांत रात्रीची गती मुद्दामच कमी ठेवलेली असते. यास्तव पूर्ण मिनिटभर मोजावे. मात्र आकडा वारंवार खाली राहिला, तर डॉक्टरांकडून यंत्र तपासून घ्यावे. आणि घेरी आली, शुद्ध हरपली किंवा धाप लागली, तर आकडा कोणताही असो, रुग्णालय तत्काळ गाठावे.