स्लॅब पडण्याआधी वायरमनला बोलवा

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत. त्यांचे घर मातीचे, माळवदाचे नाही तर कौलारू. दिव्याची सोय म्हणजे भिंतीतला कोनाडा. पुढे वीज आली तेव्हा भिंतीवर लाकडी पट्टी ठोकून तिच्यावरून वायर नेली की काम भागत असे. आता गावोगाव स्लॅबची घरे उभी राहात आहेत. या घरात विजेचा विचार रंग देताना करून चालत नाही. तो सेंट्रिंग ठोकून झाले की, काँक्रीट कालवण्याच्या आधीच करावा लागतो.

पण घडते काय? स्लॅबच्या दिवशी घरच्यांचे सारे लक्ष सिमेंट, खडी, वाळू आणि मजुरांच्या जेवणाकडे. दोन महिन्यांनी पंखा लावायचा म्हटले की कळते, छताला हूकच नाही! मग छिन्नी-हातोडा घेऊन स्लॅब खालून फोडला जातो. खालच्या सळईवर काँक्रीटचे आवरण असते जेमतेम पाऊण-एक इंच. ते निघाले की सळईला ओल लागते, ती गंजते, फुगते आणि छताचे पोपडे सुटू लागतात. आड येते म्हणून सळईच कापणारेही महाभाग आहेत. त्याच सळईच्या जोरावर छत उभे आहे आणि त्याच छताखाली आपली पोरेबाळे झोपतात, हे विसरू नका.

आधी घरात बसून ठरवा

दिवा कोठे, पंखा कोठे, हे घरच्या बायामाणसांना विचारून ठरवा. मिक्सर कोठे ठेवायचा, पाटा-वरवंट्यावर उजेड कोठून हवा, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? वरचा मजला पुढे-मागे एखाद्या चांगल्या पिकावर चढवायचा असेल, तर त्यासाठी एक-दोन पाइप आजच वर काढून त्यांची तोंडे टोपणाने बंद करून ठेवा. पाइपचा खर्च स्लॅबच्या मानाने किरकोळ असतो.

आदल्या संध्याकाळी काय पाहाल?

गवंडी, सळईवाला आणि वायरमन तिघेही हजर असताना स्वतः वर चढून एवढे पाहा :

१. पाइप जाड, चांगल्या प्रतीचा आणि आय.एस.आय. छापाचा असावा. २० मिलिमीटरपेक्षा बारीक नको. जास्त वायरी जायच्या तेथे २५ मिलिमीटरचा घ्या.

२. पाइप सळईच्या खालच्या जाळीवर टाकलेला असावा आणि तारेने बांधलेला असावा. जाळीच्या खाली, फळीला चिकटून टाकला तर त्याच रेषेत पुढे तडा जातो.

३. स्लॅब पाच इंचांचा आणि त्यात तीन-तीन पाइप एकमेकांवर चढवले, तर काँक्रीटला जागा कोठे राहिली? पाइपमध्ये अंतर ठेवा, जुडगा करू नका. तुळईतून लांबच्या लांब पाइप नेऊ नका.

४. वळण मोठे आणि सावकाश असावे. काटकोनी वळणात वायर अडकते. प्रत्येक जोडाला सोल्यूशन लावलेले असावे.

५. पंख्याचा आणि दिव्याचा बॉक्स फळीला घट्ट टेकलेला, आत कागद कोंबलेला असावा. पंख्याच्या बॉक्सची सळई स्लॅबच्या सळईत अडकवलेली हवी. पंख्याचा सारा भार तिच्यावर येतो.

हे सगळे झाले की टेप लावून खोलीच्या दोन भिंतींपासून पाइपचे अंतर मोजा आणि वहीत नकाशा काढा. मोबाइलवर फोटोही घ्या. पुढे पाळण्यासाठी छताला भोक पाडायचे झाले तर हाच कागद पाइप वाचवील.

स्लॅबच्या दिवशी

घमेली घेऊन धावणाऱ्या मजुरांच्या पायाखाली पाइप चेपतो, व्हायब्रेटरच्या धक्क्याने जोड सुटतो आणि आत सिमेंटचे पाणी शिरते. एकदा पाइप बुजला की तो कायमचा गेला. म्हणून त्या दिवशी वायरमनची मजुरी वाचवू नका. संध्याकाळपर्यंत त्याला तेथेच थांबवा.

वायरी मात्र घाईने ओढू नका. स्लॅबला पाणी मारणे संपू द्या, गिलावा होऊ द्या, पाइपातली ओल वाळू द्या. पाइप वायरींनी ठासून भरू नका. निम्म्याहून अधिक जागा मोकळी राहू द्या, नाही तर वायरी तापतात. पाइपच्या आत जोड मुळीच नको. जोड द्यायचा तो बॉक्समध्येच. दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची आणि प्लगला अडीचची तांब्याची वायर वापरा.

स्लॅब आधीच पडला असेल तर?

तर छताला छिन्नी लावू नका. छताच्या कडेकडेने केसिंग पट्टी मारून तिच्यातून वायर न्या. दिसायला थोडे उघडे दिसेल, पण त्यात कमीपणा नाही. बिघाड झाला तर तो चटकन सापडतो, हा उलट फायदाच. पंख्याचा हूक मात्र जाणत्या माणसाकडूनच बसवून घ्या.

शेवटचे, पण जिवाचे

पावसाळ्यात स्लॅब पाझरतो, पाइपात पाणी उतरते आणि पंख्याच्या दांडीत किंवा ओल्या भिंतीत करंट येतो. म्हणून प्रत्येक प्लगला आणि पंख्याला हिरवी अर्थिंगची वायर हवीच. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडू देऊ नका. मेन स्विचजवळ ३० मिलीअँपिअरची आर.सी.सी.बी. बसवा. करंट जमिनीकडे गळू लागताच ती क्षणात वीज तोडते. महिन्यातून एकदा तिचे चाचणीचे बटण दाबून पाहा. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि त्याचा चाचणी अहवाल जपून ठेवा.

विहीर खणताना आपण आधी पाणाड्याला बोलावतो. स्लॅब टाकताना आधी वायरमनला बोलवा. एका संध्याकाळचे लक्ष पुढच्या कितीतरी पावसाळ्यांची काळजी दूर करील.