पान उशिरा का उघडते?

शाळेची माहिती संगणकावर भरताना पान फिरत राहिले की ‘रेंज नाही’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. हे निदान पुष्कळदा चुकीचे ठरते. मुदतीत माहिती न भरल्याबद्दल एका शिक्षकास मी खुलासा विचारला होता. पुढे तेच पान कार्यालयातील उत्तम जोडणीवर मी स्वतः उघडू लागलो, तेव्हा तेथेही ते अडले. खुलासा विचारण्यात माझीच घाई झाली होती.

आपणास पान पाठवितो तो वेब सर्व्हर. विद्यार्थ्यांच्या नोंदी मात्र डेटाबेसमध्ये, बहुधा निराळ्या यंत्रावर असतात. म्हणून वेब सर्व्हरला प्रथम तेथे जोडणी करावी लागते व मगच माहिती मागता येते. विलंब या दोहोंपैकी कोठे होतो, हे आधी ठरविले पाहिजे. मुलाचे गणित चुकले असता त्यास रीत आली नाही की प्रश्नच वाचता आला नाही, हे आपण पाहतोच. येथेही तसेच करावे.

डेटाबेसच्या यंत्रावरच तोच प्रश्न विचारून पाहावा. तेथेही उशीर झाला, तर दोष प्रश्नात किंवा सूची नसण्यात असतो. सूचीविना सारे दप्तर चाळावे लागते. तेथे उत्तर तत्काळ आले, तर दोष बहुधा जोडणीत असतो. मायएस्क्यूएल हा डेटाबेस मूळ मांडणीत, नव्याने आलेल्या यंत्राच्या आयपी क्रमांकावरून त्याचे नाव डीएनएसला विचारतो. डीएनएसने उत्तर दिले नाही, तर दारातच काही सेकंद खोळंबा होतो. ‘स्किप नेम रिझॉल्व्ह’ ही मांडणी केल्यास तो टळतो. मात्र परवानग्या नावाऐवजी आयपी क्रमांकावर द्याव्या लागतात. दर वेळी नवी जोडणी करण्यापेक्षा काही जोडण्या उघड्या ठेवून त्याच पुन्हा वापरणेही हितावह असते.

जोडण्यांनाही मर्यादा असते. मायएस्क्यूएलमध्ये ती मुळात 151 आहे. शेवटच्या दिवशी गर्दी होते ती येथे, आणि पुनःपुन्हा बटण दाबल्याने ती वाढते.

तरी शिक्षकांनी दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. ते चटकन उघडले, तर आपले इंटरनेट ठीक आहे असे समजावे. मग पानाचे नाव, वेळ व आलेला संदेश लिहून गटसाधन केंद्रास कळवावा. अशी नेमकी नोंद दुरुस्ती करणाऱ्यास उपयोगी पडते आणि प्रसंगी शिक्षकावरील ठपकाही टाळते.