ठिबकनं वाचवलं, ते गेलं कुठे?

जळगावच्या केळीच्या बागेत मोटर सुरू असली, तरी पाणी डोळ्यांना दिसत नाही. सँड फिल्टरमधून ते गाळून निघतं, व्हेंचुरीतून विद्राव्य खत ओढून घेतं, जाळीच्या फिल्टरमधून पुन्हा गाळलं जातं आणि लॅटरल नळ्यांवरच्या ड्रिपरमधून थेंबाथेंबानं मुळाशी उतरतं. दोन ओळींमधली जमीन कोरडी, म्हणून तण कमी. मुळाशी मात्र कायम वापसा. अर्थात यामागे राबणं आहे. ड्रिपर क्षारानं बुजतात, तेव्हा आम्लाचं द्रावण सोडावं लागतं. नळ्यांची टोकं उघडून गाळ धुऊन काढावा लागतो. यात हयगय झाली की पहिल्या झाडाला पाणी जास्त आणि शेवटच्याला कमी.

इस्रायलचे अभियंता सिम्खा ब्लास यांच्या या ठिबक सिंचनाच्या तंत्राचं व्यापारी उत्पादन १९६०च्या दशकाच्या मध्यात हात्झेरिम किबुट्झमध्ये सुरू झालं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस उद्योजक भवरलाल जैन यांनी ते जळगावात रुजवलं. पाटानं दिलेल्या पाण्यापैकी जेमतेम निम्मं पिकाच्या कामी येतं. नीट सांभाळलेल्या ठिबकवर हे प्रमाण ८५ ते ९० टक्क्यांवर जातं.

मग विहिरींची पातळी का वाढत नाही?

कारण वाचलेलं पाणी विहिरीत थांबत नाही. एका एकराचं वाचलं की शेजारचा दुसरा एकर भिजतो, ज्वारी-हरभऱ्याच्या जागी फळबाग येते. शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर यात गैर काहीच नाही. त्यानं कर्ज काढून संच बसवलेला असतो. शिवाय पाटाचं जे पाणी ‘वाया’ गेलं असं म्हटलं जातं, त्यातलं बरंचसं झिरपून भूजलात परत जात होतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१७च्या अहवालानं अनेक देशांचे दाखले तपासून हेच बजावलं: पाणीवाटपावर मर्यादा नसेल, तर आधुनिक सिंचनामुळे पाण्याचा एकूण वापर घटण्याऐवजी वाढू शकतो.

शेततळ्यांचंही तसंच झालं. कल्पना होती वाहून जाणारा पाऊस अडवण्याची. प्रत्यक्षात ठिकठिकाणी प्लास्टिकचं अस्तर घातलेली तळी विहिरी-बोअरच्या पाण्यानं भरली जातात. जमिनीखाली सुरक्षित असलेलं, सगळ्यांच्या वाट्याचं पाणी वर येतं, एकाच्या मालकीचं होतं आणि उन्हाळाभर वाफ होऊन उडत राहतं.

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग बेसॉल्टचा आहे. या कातळात पाणी साठतं ते फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरात. बोअर खोल नेला म्हणून साठा वाढत नाही. शेजाऱ्याची विहीर तेवढी लवकर आटते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हे ओळखलं. वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर पावसाचं हे गाव. गावाचे सरपंच राहिलेल्या पोपटराव पवार यांच्या पुढाकारानं इथे आधी डोंगरउतारावर समतल चर खोदले गेले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी झाली. पण खरी करडी शिस्त पुढची आहे: शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, आणि २००४पासून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा. पर्जन्यमापकाची नोंद आणि विहिरींची पातळी ग्रामसभेपुढे येते. आधी माणसांचं पिणं, मग जनावरं. उरलेल्यातून शेती, तीही काही हिस्सा पुढच्या वर्षासाठी राखून. पाऊस कमी झाला तर रब्बीचं क्षेत्र कमी करायचं, हे गावानं ठरवायचं.

हिशेब कुणालाही करता येईल असा आहे. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. ४०० मिलिमीटरचे झाले ४० लाख लिटर. उसाला हेक्टरी दीड ते अडीच कोटी लिटर लागतं. म्हणजे थेंबन् थेंब अडवला, तरी एक हेक्टर उसासाठी निदान चार हेक्टरांचा पाऊस हवा. आणि थेंबन् थेंब तर कुठेच अडत नाही. उसाला ठिबक लावावंच, पण अशा गावात हा आकडा आधी मांडावा.

कायद्याचा आधारही आहे. महाराष्ट्राचा २००९चा भूजल अधिनियम २०१४मध्ये लागू झाला. अधिसूचित क्षेत्रात खोल विहिरींना मनाई आणि भूजलानुसार पीक आराखडा या तरतुदी त्यात आहेत. डिसेंबर २०१९मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेनं निवडक गावांमध्ये पाण्याचं अंदाजपत्रक बांधायला घेतलं. कमी पडते ती गावाची खटपट. पाऊस सरलाय, विहिरी भरलेल्या आहेत, रब्बीचं नियोजन चालू आहे. ताळेबंदाचा हंगाम हाच. दिवाळीला गावी गेलेल्यांनी ग्रामपंचायतीत जाऊन एवढं जरूर विचारावं: यंदा पाऊस किती मिलिमीटर झाला, आणि त्यावर किती एकर रब्बी भिजवायची ठरली?