घाटाची वळणं आणि मागचे चार दाते

पाथर्डीच्या एका वाचकानं विचारलंय, ‘आजोबांची दांडीची सायकल दुरुस्त केली आहे. करंजी घाट चढून नगरला यायचंय. एकवीस गिअर बसवून घेऊ का?’

आधी सायकल उलटी करा, एका दात्यावर खडूची खूण करा आणि दाते मोजा. समजा पुढच्या चक्राला 44 भरले, मागच्या फ्रीव्हीलला 18. म्हणजे पायडलच्या एका फेरीत मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि 28 इंची चाकावर सायकल साडेपाच मीटर पुढं जाते. सपाटीला हे झकास. चढाला मात्र मांड्या भरून येतात. मागं 22 दात्यांचं फ्रीव्हील घाला. तीच फेरी साडेचार मीटरची होईल आणि पायडलवरचा जोर 18 टक्क्यांनी उतरेल. चेन इंचभर वाढवावी लागेल, एवढंच.

हे कसं होतं, ते करंजी घाटच सांगतो. डोंगराची उंची तेवढीच. पण सरळ पायवाटेनं धाप लागते आणि वळणावळणाच्या रस्त्यानं बैलगाडीसुद्धा वर येते. अंतर वाढलं, जोर घटला. मोठं फ्रीव्हील म्हणजे सायकलीतच बसवलेली घाटाची वळणं! ताकद तुमचीच, ती फक्त हप्त्याहप्त्यानं द्यायची.

चढाला गिअर हलका करायची ही सोय प्रवासी सायकलस्वारांच्या गळी उतरवली फ्रान्समधल्या सेंत-एतियनच्या पॉल द विवी यांनी. ‘व्हेलोसियो’ या नावानं ते लिहीत. पुढं दोन चक्रं बसवून चेन चक्क हातानं उचलून ते गिअर बदलत. शर्यतवाल्यांनी मात्र गिअर म्हणजे कमजोरी मानली. टूर दि फ्रान्समध्ये डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला, मुभा मिळाली 1937 साली. घाट चढणाऱ्या साध्या माणसाचा विचार आधी करणाऱ्या या माणसाचं नाव आज किती जणांना माहीत आहे?

राहिले एकवीस गिअर. पुढं 48 व मागं 24, किंवा पुढं 28 व मागं 14 : दोन्हींचं गुणोत्तर 2 च. मोजणीत दोन, पायाला एकच! त्यापेक्षा जुन्या सायकलीला शोभतो तो मागच्या चाकाच्या मध्यभागी बसणारा स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब. त्याच्या पोटात सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी चक्रं फिरतात. खालच्या गिअरला वेग पाऊणपट, वरच्याला सव्वापटीहून थोडा जास्त. मिळाला तर जरूर बसवा.

नाही मिळाला, तर मागचे चार दाते पुरेत. घाटाची अर्धी चढण रस्ता बांधणाऱ्यांनी आधीच सोपी करून ठेवली आहे.