लुगड्याच्या चार घड्या

गोधडी पांघरायची थंडीत, पण शिवायची उन्हाळ्यात. सुगी उरकलेली असते, रानात काम नसतं, दिवस मोठा असतो आणि पाऊस यायला अवकाश असतो. म्हणून संपादकांनी हिवाळी अंकासाठी 'थंडीच्या दिवसांतलं घर' हा विषय दिला, तेव्हा मी भर वैशाखात सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात गेले. हा दुष्काळी पट्टा. दुपारी वाडीत चिटपाखरू नव्हतं. एका घराच्या सोप्यात मात्र एक मावशी जमिनीवर पसरलेल्या गोधडीवर बसून टाके घालत होत्या. वय पासष्टीच्या पुढचं. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून इथे त्या नुसत्या मावशीच राहतील.

मला गोधडीबद्दल बऱ्यापैकी माहिती आहे असं वाटत होतं. जुन्या कपड्यांचे थर, वर धावदोरा, झालं. मावशींशेजारी बसल्यावर कळलं की यात हिशेब आहे, आणि तो फार बारीक आहे.

सुरुवात लुगड्यापासून. नऊवार म्हणजे सत्तावीस फूट लांबी, पन्हा साधारण चार फुटांचा. लांबीच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फूट लांब आणि चार फूट रुंद असा चौथर होतो. एका माणसाला अंथरायला-पांघरायला नेमका तेवढाच लागतो. कात्री न लावता एका लुगड्यातून चार थर मिळतात. सहावारीच्या तीन घड्या होतात, लांबी सहा फुटांवर येते. मावशींच्या मते ती "पोराटोरांना ठीक". आम्ही नेसायच्या कापडाची लांबी आणि झोपायच्या माणसाची लांबी यांचं गणित असं जुळलेलं आहे, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

खाली एक लुगडं, वर एक चांगल्यातलं, आणि मधे भरण. भरणात काहीही चालतं असं आपल्याला वाटतं. मावशी धोतराची पानं, उसवलेली झंपरं, जुनी चादर, नातवाचे शाळेचे सदरे असा ढीग घेऊन बसल्या होत्या, पण त्यातला प्रत्येक तुकडा उजेडाकडे धरून बघत होत्या. लुगडं सगळीकडे सारखं विरत नाही. बसण्याच्या जागी आधी जातं, मग टाचेकडचा काठ झिजतो. पदर शेवटपर्यंत शाबूत राहतो. घड्या घालताना विरलेला भाग विरलेल्यावर आला तर त्या जागी गोधडी दोन हिवाळ्यांत फाटणार. म्हणून विरलेल्यावर धड भाग आणायचा, आणि तरीही कुठे पातळ राहिलं तर तिथे भरणातला जाड तुकडा सरकवायचा. सदऱ्याची शिवण सदऱ्याच्या शिवणीवर येऊ द्यायची नाही, नाहीतर पाठीला टोचते. "आंधळ्यासारखा हात फिरवायचा," मावशी म्हणाल्या आणि डोळे मिटून तळहात कापडावरून नेला. मधेच थांबून एक तुकडा बोटभर डावीकडे ओढला. मी त्याच जागी हात फिरवून पाहिला. मला काहीच लागलं नाही.

मग टाचणं. वीतवीतभर कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवायचे. आणि त्यानंतर खरं काम, ज्यासाठी मी त्या सोप्यात ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ बसून राहिले.

मावशी कडेपासून सुरुवात करतात. चारही कडांना गोट दुमडून एक फेरी, मग त्याच्या आत अर्ध्या इंचावर दुसरी, मग तिसरी. चौकोनात चौकोन असं करत धावदोरा मध्याकडे येतो. उभ्या ओळी घालणाऱ्याही बायका आहेत, त्याला मावशी नावं ठेवत नाहीत, पण स्वतः कधी घालत नाहीत. बाहेरून आत यायचं तर अडचण एकच, आणि ती मोठी आहे. सुई दर टाक्याला कापड जरासं पुढे ढकलते. इतके थर असले की वरचा थर खालच्यापेक्षा जास्त सरकतो. हे सरकणं सगळं आतल्या बाजूला गोळा होत जातं आणि शेवटी मध्यावर झोळ उरतो, पोटावर आलेल्या फुगवट्यासारखा. मग तो टाक्यांत दाबून टाकायचा किंवा चुणी घालायची, आणि चुणी पडली की गोधडी तिथे आखडते. मावशींच्या गोधडीत झोळ येत नाही. का येत नाही, हे त्यांना सांगता येत नव्हतं. बघूनच समजून घ्यावं लागलं.

त्यांच्याकडे चौकट नाही, फ्रेम नाही, कापड ताणून धरणारं कुठलंच साधन नाही. ते काम त्यांचं शरीर करतं. त्या गोधडीवरच बसतात, म्हणजे शिवून झालेला भाग वजनाखाली दाबलेला राहतो. डावा पाय पुढे पसरलेला, टाचेखाली कापड. डाव्या हाताचा तळवा सुईच्या पुढे सपाट टेकलेला, आणि तो दर चार-पाच टाक्यांनंतर बाहेरच्या दिशेने, म्हणजे स्वतःकडे, किंचित ओढ घेतो. सुईने जेवढं पुढे ढकललं तेवढं तळहाताने मागे आणलं. ओढ जास्त झाली तर कड वाकडी होणार, कमी झाली तर झोळ. मावशी बोलत असतात, सुनेला चुलीवरचं दूध बघायला सांगत असतात, माझी चौकशी करत असतात, आणि तळहात आपला हिशेब चुकवत नाही. एक बाजू संपली की त्या बसल्या जागी वळतात. दिवसभरात त्या स्वतःच्याच कामाभोवती कित्येकदा फिरतात.

किती टाके? पावणेसात फूट गुणिले चार फूट, ओळींमधलं अंतर अर्धा इंच. म्हणजे धावदोऱ्याची लांबी साडेसहाशे फुटांच्या आसपास, जवळपास दोनशे मीटर. इंचाला तीन टाके धरले तर एका गोधडीत वीस हजारांच्या वर टाके. हा हिशेब मी वहीत मांडून त्यांना सांगितला. त्या म्हणाल्या, "मोजलं असतं तर झालं नसतं."

शिवलेली नवी गोधडी ताठ असते. पहिल्या धुण्यात दोरा आटतो, टाक्यांच्या मधे बारीक उंचवटे येतात, आणि तेव्हा ती ऊबदार होते. ऊब कापडाच्या जाडीची कमी आणि थराथरांत, उंचवट्यांत अडकलेल्या हवेची जास्त. म्हणूनच विरलेलं मऊ सूत नव्या कापडापेक्षा बरं. खळ कधीच निघून गेलेली असते, घाम शोषतं, अंगाबरोबर वाकतं. बाळाला पहिलं दुपटं आजीच्या जुनेराचं करतात ते काही गरिबीपायी नव्हे. घरातलं सर्वांत मऊ कापड तेच असतं.

या कलेचा लिखित इतिहास फार नाही. ती गरिबांच्या घरात वाढली आणि वापरता वापरता संपत गेली. जपून ठेवलेल्या जुन्या गोधड्या त्यामुळेच विरळा. ठिगळांचं वस्त्र साधू-फकिरांनीही आपलं मानलं. गाडगेबाबा चिंध्यांची गोधडी पांघरून हिंडत, त्यामुळे लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत सचित्र पुस्तक केलं आहे, ते हाती मिळालं तर जरूर पाहावं. आमच्या शेजारी उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, तीही कडेपासून मध्याकडे. गोव्यात पोर्तुगीजांनी आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज. कवंदीच्या चार कोपऱ्यांवर त्या कापडाची त्रिकोणी घडी बसवतात, तिला फूल म्हणतात, आणि फुलांशिवाय कवंदी त्यांना उघडी वाटते. मावशींना मी फोनवर तिचे फोटो दाखवले. त्यांनी फोटो मोठा करायला लावला, ओळी बघितल्या आणि म्हणाल्या, "हात चांगलाय बाईचा."

वापराचं वर्ष नवरात्राआधी सुरू होतं. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं. गाडीत किंवा डोक्यावर घालून गोधड्या ओढ्यावर न्यायच्या, सोड्यात भिजवायच्या, दगडावर आपटायच्या. वाळलेली गोधडी उचलायला एक माणूस पुरतं, ओली पिळायला दोन लागतात, तेही समोरासमोर उभं राहून उलट दिशांना पिळणारे. माणमध्ये हे धुणं पावसावर अवलंबून. ओढा वाहता असेल तर एका दिवसात घर स्वच्छ. नसेल तर विहिरीवर, पाणी मोजून. मावशींना माणगंगा कोरडी गेलेली वर्षं त्या वर्षीच्या गोधड्यांवरून आठवतात.

मग थंडी. ज्वारी हुरड्यात येते, पहाटे अंगणात शेकोटी पेटते, आणि रात्री सोप्यात एका ओळीत अंथरुणं पडतात. सुट्टीला आलेली आतेभावंडं-मामेभावंडं दोन गोधड्यांत पाच अशी घुसतात, कडेचं कोण यावरून भांडतात. पडल्या पडल्या वरच्या ठिगळांवर बोट ठेवून हे कुणाचं, ते कुणाचं असं विचारतात. मावशींच्या घरातल्या एका गोधडीत सासूबाईंचं इरकली लुगडं आहे आणि मुंबईला गिरणीत असलेल्या सासऱ्यांचं धोतर. दोघंही गेले. त्या गोधडीत आता सगळ्यांत धाकटा नातू झोपतो, कारण ती सर्वांत मऊ आहे.

इथवर लिहून थांबता आलं असतं तर मला आवडलं असतं. पण मावशींनी ज्या गोष्टीबद्दल सर्वांत जास्त वेळ सांगितलं ती वेगळीच होती, आणि ती काळजीची आहे.

गोधडीला लागणारं कापड संपत आलं आहे. आता कामाला वेळ नाही, शिकायला मुली नाहीत, असं सगळेच म्हणतात, आणि तेही आहे. पण मावशींची सून शिवते, शेजारची एक मुलगीही शिवते. अडलंय ते भरणापाशी. जुनं सूत बाजारात विकत मिळत नाही. ते घरात दहा-पंधरा वर्षं वापरून, शेकडो धुण्यांतून तयार व्हावं लागतं. एके काळी ते आपोआप व्हायचं. या भागातली किती घरं मुंबईच्या गिरण्यांवर चालायची. गिरणीचं सुती कापड गावी यायचं, नेसलं जायचं, विरायचं आणि भरणात पडायचं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढे बहुतेकांना परत जायला गिरणीच राहिली नाही. त्याच सुमारास पॉलिस्टरच्या साड्या आल्या. स्वस्त, धुवायला सोप्या, इस्त्री नको, रंग जात नाही. राबणाऱ्या बाईने ती साडी का घेतली हे मला पुरेपूर समजतं. तिला दोष देणारं एक अक्षर मी लिहिणार नाही. पण नऊवार नेसणारी शेवटची पिढी आता सत्तरीत आहे, आणि तिच्या ट्रंकेतली लुगडी संपली की चार घड्यांचं गणितही संपेल.

पॉलिस्टर गोधडीत काय करतं ते मावशींनी करून दाखवलं. दोन तुकडे एकावर एक ठेवून बोट लावलं तर वरचा सर्रकन सरकला. तळहाताची ओढ त्याला कळत नाही. सुती दोरा त्यात धरत नाही, टाका ढिला पडतो. घाम शोषत नाही, त्यामुळे माणूस आतून ओला होतो आणि पहाटे गारठतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे धुतल्यावर सूत आटतं, पॉलिस्टर आटत नाही. जी गोधडी शिवताना सपाट होती तिला पहिल्याच दसऱ्याला झोळ येतो. "माझ्या हातची न्हाई म्हणतील लोक," मावशी म्हणाल्या. त्यांना ते खरंच लागतं.

उरलेलं जे काही सुती निघतं त्यावर बोहारणीचाही डोळा असतो, आणि स्टीलच्या डब्यापुढे जुनी चादर टिकत नाही. विकतचं पांघरूण तर मुबलक आहे. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर आहे, पानिपतहून येणारी गुबगुबीत ब्लँकेटं आठवडी बाजारात ढिगाने आहेत. थंडी त्यांनीही भागते. शहरातली काही मंडळी आता मुद्दाम गोधड्या शिवून घेतात, ही चांगली गोष्ट आहे. पण भाव ऐकून मागे फिरणारेही त्यांच्यातच असतात. टाक्याला दहा पैसे धरले तरी नुसती मजुरी दोन हजारांच्या वर जाते, आणि मशीनवर शिवलेली त्याच्या निम्म्यात मिळते असं तोंडावर सांगितलं जातं. मशीनचा टाका घट्ट आणि सरळ बसतो, दिसायला देखणा असतो. पण तो कापडाला हलू देत नाही. धावदोरा हलू देतो, आणि कुठे तुटला तर तेवढाच भाग पुन्हा शिवता येतो. हा फरक घेणाऱ्याला सांगणारं दुकानात कुणी नसतं.

मी बसले होते तेव्हाच पुण्याहून एक जोडपं आलं. आई गेली, तिच्या पाच साड्या आहेत, त्यांची गोधडी हवी होती. मावशींनी साड्या मांडीवर घेतल्या, प्रत्येकीच्या काठाच्या आतून एक धागा ओढला आणि काडी लावली. सूत कागदासारखं जळून राख होतं. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी धरतं. पाचांतल्या दोन सुती निघाल्या. बाईचा चेहरा पडला, कारण आईची आवडती मोरपिशी साडी मणी धरणाऱ्यांत होती. मावशींनी ती उलगडून बघितली, पदर वेगळा काढला आणि सांगितलं की आत घालणार नाही, पण पदराचे चौकोन करून वरच्या बाजूला कोपऱ्यांवर बसवेन, तिथे ती टिकेल. भरणाला अजून लागेल. घरात जुनी सुती चादर, वडिलांचं धोतर, पायजमे असतील तर पाठवा, धुतलेले, बटणं काढून. नवं कापड आणू नका. पैसे अर्धे आता, अर्धे नंतर. जोडप्याने पावसाच्या आधी होईल का विचारलं. मावशींनी सुनेकडे पाहिलं, सुनेने बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, आषाढी झाल्यावर या.