डिझेल इंजिनमधील इंधन फिल्टर : निवड आणि जागा

डिसेंबर २०१५ च्या पुरात तांबरमजवळच्या मुडिचूर भागात घरे आणि वाहने पाण्यात गेली. अशा पाण्यातून निघालेला ट्रक किंवा जनरेटर तसाच सुरू केला, तर टाकीतले पाणी आणि गाळ इंजेक्टरकडे जातो. तो अडवण्याचे काम फिल्टरचे. मात्र फिल्टर किती बारीक असावा, हे तो कुठे बसवायचा यावर ठरते.

१. पंपाआधीचा फिल्टर

फीड पंप डिझेल ओढतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात वातावरणाचा दाब ते पंपाकडे ढकलतो. म्हणजे हाताशी फार तर १ बार दाब असतो. येथे अतिबारीक फिल्टर लावला आणि तो थोडा जरी चोंदला, तर पंपाच्या तोंडाशी दाब घटतो, बुडबुडे होतात, सैल जोडातून हवा शिरते आणि भार येताच इंजिन दम टाकते. म्हणून येथे साधारण १० ते ३० मायक्रॉनचा प्राथमिक फिल्टर लावतात.

वॉटर सेपरेटरही येथेच हवा. पंपाआधी पाण्याचे थेंब मोठे असतात व डिझेलपेक्षा जड असल्याने तळाच्या वाटीत बसतात. पंपातून घुसळून निघाल्यावर ते इतके बारीक होतात की वेगळे करणे कठीण जाते.

२. पंपानंतरचा फिल्टर

फीड पंपानंतर पुरेसा दाब मिळतो, म्हणून २ ते ५ मायक्रॉनचा मुख्य फिल्टर येथे, उच्चदाब पंपाच्या आधी बसवतात. कॉमन रेलमध्ये दाब १,६०० बारच्याही वर जातो आणि इंजेक्टरमधील फटी जेमतेम काही मायक्रॉनच्या असतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना येईल.

३. निवड करताना

नुसता ‘५ मायक्रॉन’ हा आकडा अपुरा आहे. त्या आकाराचे किती कण अडतात हे विचारा. त्यासाठी बीटा गुणोत्तर वापरतात : फिल्टरपूर्वीचे कण भागिले नंतरचे कण.

उदाहरण : ५ मायक्रॉन व त्याहून मोठे ७,५०० कण आले आणि १०० निसटले, तर बीटा = ७५. कार्यक्षमता = (१ − १/७५) × १०० = ९८.७ टक्के. बीटा २ असेल, तर निम्मे कण निसटतात.

फिल्टरची क्षमता इंजिनच्या डिझेल खपावर नव्हे, तर त्यातून जाणाऱ्या एकूण प्रवाहावर ठरवा. पंपाने पाठवलेले बरेच डिझेल टाकीत परतते.

४. बसवताना

सेपरेटरची वाटी सहज दिसेल आणि खालून पाणी काढता येईल अशी जागा निवडा. मुख्य फिल्टर बदलताना त्यात वरून न गाळलेले डिझेल ओतू नका. हातपंपाने भरून हवा काढा. पुरात बुडालेली टाकी आधी रिकामी करून धुवा, दोन्ही फिल्टर बदला, मगच स्टार्टर मारा.

स्वाध्याय

१. बीटा २०० असलेल्या फिल्टरची कार्यक्षमता काढा.
२. रिकामे चालताना ठीक, पण चढावर दम टाकणाऱ्या ट्रकमध्ये कोणता फिल्टर आधी तपासाल? का?