मानेवरील गांठ आणि एच. आय. व्ही.

बीडहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या वाटेवर केज हें तालुक्याचें गांव लागतें. त्या बाजूस कोणाच्या मानेवर गांठी आल्या कीं वडीलधारीं माणसें त्यांस गंडमाळ म्हणतात. आणि बहुधा तें खरेंही असतें, कारण मानेच्या लसिकाग्रंथींचा क्षय भारतांत फार आढळतो. परंतु ज्याच्या शरीरांत एच. आय. व्ही. हा विषाणू शिरलेला आहे, त्याची गांठ जशी क्षयाची असूं शकते, तशीच ती लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचीही असूं शकते. एकाला दुसरें समजून औषध चालू ठेवण्यांत अमोल महिने निघून जातात.

हा संबंध प्रथम उघडकीस आला तो अमेरिकेंत. १९८१ सालीं न्यूयॉर्क व कॅलिफोर्निया येथील कांहीं तरुण पुरुषांच्या त्वचेवर व तोंडांत जांभळट डाग आढळले. मॉरिट्झ कापोसी या व्हिएन्नाच्या वैद्यानें १८७२ सालीं वर्णिलेला हा विकार तोंवर बहुतकरून वृद्धांनाच होई. त्याच्या मुळाशीं एक निराळाच विषाणू आहे, हें १९९४ सालीं समजलें. तो विषाणू भारतांत विरळ असल्यामुळें हे डागही येथें क्वचितच दिसतात. पाश्चात्त्य ग्रंथ वाचून टाळूवरील जांभळा डाग शोधीत बसणाऱ्याची दृष्टि मानेवरील गांठ ओलांडून जाण्याचा संभव असतो.

ही गांठ बहुधा दुखत नाहीं. ती रबरासारखी लागते आणि कित्येकदां थोड्या आठवड्यांतच वाढते. सोबत ताप, रात्रीं घाम आणि वजन घटणें हीं लक्षणें असतात. पण क्षयाचीं लक्षणें तरी याहून काय वेगळीं असतात? बोटांनीं चांचपून दोहोंचा निवाडा होत नाहीं. सुईनें गांठींतील पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहाव्या लागतात; तेवढ्यानें न भागल्यास अखंड गांठ काढून तपासावी लागते. क्षयाच्या औषधांनीं गांठ न विरतां वाढूं लागली, तर ही तपासणी अधिकच आवश्यक ठरते. मात्र योग्य उपचार चालू असतांही क्षयाची गांठ कधीं कधीं फुगते. तेव्हां केवळ वाढीवरून कर्करोग म्हणणेंही चूक.

तोंडांतही कांहीं खुणा उमटतात. एकाच बाजूचा टॉन्सिल वाढणें, हिरडी सुजून धडधाकट दांत हलूं लागणें, उपटलेल्या दांताची जागा भरून न येणें, या खुणा लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या असूं शकतात. उलटपक्षीं, जिभेवर पुसून निघणारा पांढरा थर ही बुरशी होय, आणि जिभेच्या कडेवरील न पुसला जाणारा केसाळ पट्टा हाही कर्करोग नव्हे. पण रोगप्रतिकारशक्ति खालावल्याची सूचना दोन्ही देतात. मिश्री, तंबाखू, गुटखा यांचें व्यसन असल्यास न दुखणारा व्रणही तीन आठवड्यांहून अधिक टिकतां कामा नये.

एच. आय. व्ही. पेशींना साक्षात् कर्करोगी बनवितो असें प्रायः नाहीं. तो शरीराची राखण दुबळी करतो. मग बहुतेकांच्या देहांत लहानपणापासून निपचित पडलेला एप्स्टाइन–बार विषाणू डोकें वर काढतो. म्हणून विषाणूरोधक औषधें सुरू असलीं तर हा धोका कमी होतो, जरी तो नाहींसा होत नाहीं. हीं औषधें भारतांत २००४ पासून सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळतात, आणि २०१७ पासून प्रत्येक बाधितास, पेशींची संख्या कितीही असो, तीं देण्याचें धोरण आहे. कर्करोग निघालाच तर त्यावरील औषधें याच गोळ्यांबरोबर देतां येतात, आणि कित्येक रोगी पूर्ण बरे होतात.

केजकरांस यासाठीं मुंबई गांठण्यापूर्वीं अंबाजोगाईचें स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. अडचण आहे ती वेळेची. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबें ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. तपासणीचा अहवाल येईतों टोळी निघून गेलेली असते, आणि गोळ्याही मध्येंच तुटतात. रोग्यानें केंद्रावर आगाऊ सांगितल्यास अधिक दिवसांच्या गोळ्या किंवा कारखान्याजवळच्या केंद्रासाठीं चिठ्ठी मागतां येते. मुकादमास कारण सांगण्याचें बंधन नाहीं; २०१७ च्या कायद्यानें रोग्याच्या संमतीवांचून त्याची ही माहिती उघड करण्यास मनाई केली आहे.